उरलेले दोन पेले

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे. छागल म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. जाड कॅनव्हासची पिशवी, वरच्या कोपऱ्यात बुचाचं तोंड, खांद्याला अडकवायला पट्टा, एवढीच मी. माझ्यात पाणी भरलं की ते कापडातून हळूहळू पाझरतं, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. म्हणजे घाम मी गाळते आणि गार पाणी दुसरे पितात. तक्रार नाही, माझं कामच ते. सध्या मी औशाजवळच्या एका गावातल्या शाळेत, खेळाच्या खोलीत, खिळ्याला लटकलेली असते. माझ्याशी शेवटचं कोण बोललं, ते आता आठवत नाही. समोरच्या भिंतीवर एक पाल आहे, पण तिचा स्वभाव अबोल आहे.

माझा जन्म नांदेडचा. तिथे तंबू आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या एका दुकानात मला दुहेरी दोऱ्याने शिवलं आणि दोन दिवस हौदात बुडवून ठेवलं. नवी छागल गळते. धागे पाणी पिऊन फुगले की तिची भोकं आपोआप बुजतात. हौदातून मला काढलं ते बहात्तरच्या दुष्काळातच. रस्त्याच्या कामावरच्या शेषेराव मुकादमाने मला विकत घेतलं आणि एका बाभळीला टांगलं. खाली माणसं दिवसभर खडी फोडायची. तहान म्हणजे काय, हे मी तिथे शिकले. खरा तहानलेला माणूस पाणी मागत नाही. तो एकदा पाण्याकडे बघतो आणि मग लगेच दुसरीकडे बघतो.

पुढे पाऊस झाला, काम बंद पडलं, आणि मुकादमाने जाता जाता मला या शाळेला देऊन टाकलं. शाळेत पाणी भरायला सरजाबाई होती. तिने मला उलटंपालटं करून पाहिलं, हुंगलं, आणि म्हणाली, "बरी हाय. रडत न्हाई जास्त." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

काही वर्षांनी शाळेत सिंधुबाई आल्या. हिंदी शिकवायच्या आणि संध्याकाळी मुलींचा खो-खो घ्यायच्या. शेतकऱ्याच्या घरातल्या, आवाज मोठा, चालणं भरभर. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि संघाला देऊन टाकलं. त्या दिवसापासून मी बारा मुलींची झाले. त्यांच्या ओठांना लागणारा जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला माझ्याच पट्ट्याला बांधलेला असायचा.

सिंधुबाईंचा एक नियम होता. खेळ संपला की ज्या मुलीने सगळ्यात जास्त गडी बाद केले, किंवा जी सगळ्यात जास्त वेळ पळाली, तिला पहिला पेला. मग दुसरीला, मग तिसरीला. जी लवकर बाद झाली तिला शेवटचा. बाई म्हणायच्या, "पाण्याची लाज वाटली म्हणजे पाय उचलतात." पाय उचलायचे, हे खरं. पण शेवटचा पेला पिणारी मुलगी कशी पिते, हे बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. ती पाणी घाईघाईने पिते आणि अर्धं अंगावर सांडते. मी रोज पाहायची. पण मला तोंड आहे ते फक्त पाणी द्यायला.

पहिला पेला बहुतेक वेळा शिवगंगाचा असायचा.

शिवगंगा मलप्पा किराणावाल्याची मुलगी. गावच्या स्टँडला लागूनच त्याचं दुकान आणि दुकानामागे घर. घरात अप्पा, अव्वा म्हणजे आई, आणि ही एकटी लेक. त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात शिवाचं छोटं लिंग असायचं. खेळताना ते ती झंपरच्या आत रुमालाने घट्ट बांधायची. सकाळी आंघोळ करायची, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि त्यानंतरच पाण्याचा पहिला घोट घ्यायचा, असा घरचा नेम होता. अंगाने काडी, पण पळायला लागली की पाठलाग करणाऱ्या मुली तिच्या सावलीला हात लावून परत यायच्या.

त्याच सुमारास लातूर जिल्हा नवा झाला. मोठ्या माणसांना त्यात कचेऱ्या, फलक आणि साहेबांच्या जीपगाड्या दिसल्या. आमच्या मुलींना एवढंच कळलं की आता जिल्ह्याच्या सामन्याला उस्मानाबादला जायला नको. लातूर तासाभरावर. आणि नव्या जिल्ह्याच्या त्या पहिल्याच वर्षी आमच्या मुली खो-खोची ढाल जिंकून आल्या. शिवगंगा आठवीत होती. शेवटच्या डावात ती पूर्ण वेळ पळाली, कुणाला सापडली नाही.

बस स्टँडवर आली तेव्हा हलगी वाजत होती. अर्धं गाव लोटलं होतं. मलप्पाने लेकीला सरळ दुकानाच्या गादीवर बसवलं, गळ्यात हार घातला, शेजारी ढाल ठेवली. संघाची छागल म्हणून मलाही वरच्या आकड्याला टांगलं आणि मलाही हार घातला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तीन दिवस आम्ही तिघी तशाच होतो, ढाल, शिवगंगा आणि मी. गिऱ्हाईक आलं की मलप्पा सांगायचा, "पूजा झाल्याबिगर थेंब घेत न्हाई माझी लेक. तिथं लातूरला बी पहाटे उठून आंघोळ, पूजा, मग पाणी. अशी पोरगी जिंकंल न्हाई तर काय करंल?"

शेजारी लिंबाजीचं चहाभज्यांचं हॉटेल होतं. तो चहा घेऊन यायचा आणि मान हलवायचा. "पुण्याई हाय शेठ, पुण्याई."

बाकीच्या अकरा मुलींची नावं कुणी विचारली नाहीत. त्या पहिल्या दिवशी कडेला थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग घरोघर निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी शिवगंगा म्हणाली, "अप्पा, मी खेळाय जाऊ का?"

"बस गं. लोक बघाय येऊन राहिलेत."

ती बसली. हारातली फुलं सुकली होती आणि तिच्या मानेला टोचत होती. ती पूजेमुळे जिंकली, हे तिने त्या तीन दिवसांत शंभर वेळा ऐकलं. ती पळाली म्हणून जिंकली, हे तिथे कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. शाळेची विहीर दिवाळीआधीच तळाला गेली. खो-खोच्या मैदानावर रोज पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर धूळ उडते आणि खाली बसणाऱ्या मुलींचे गुडघे सोलतात. त्या वर्षी शिंपडायला पाणी कुठलं? मुली तशाच धुळीत खेळल्या. सरजाबाई सकाळी घागर घेऊन निघायची ती टँकरच्या रांगेतून उन्हं चढल्यावर परतायची. तिला थेंबाचा हिशेब पाठ झाला होता. मी काठोकाठ भरले की बारा मुलींचे दोन-दोन पेले होतात, बरोबर चोवीस. थोडं मी पाझरते, तेवढं ती वरून घालायची.

सामने पुन्हा लातूरला होते, दोन दिवसांचे. मुली सकाळी घरून आंघोळी करून गेल्या, पहिल्या दिवशीचे दोन सामने जिंकल्या आणि रात्री तिथल्याच एका शाळेत मुक्कामाला राहिल्या. सकाळी पाहिलं तर शाळेची टाकी कोरडी. नळाला पाणी येण्याचा तो दिवस नव्हता. सिंधुबाईंनी कुठून कुठून खटपट करून मला भरून आणलं आणि म्हणाल्या, "पोरींनो, आज आंघोळ नाही. तोंडावरून ओला हात फिरवा. हे पाणी प्यायचं आहे."

शिवगंगा टाकीजवळ उभी राहिली. तिचा हात गळ्याशी होता. "बाई, एक तांब्या मिळंल का? एकच."

"कुठून आणू गं? एक तांब्या म्हणजे चार पोरींचं पाणी."

बाईंचं बरोबर होतं. आणि त्या घाईत त्यांना त्या घरची रीत आठवली नाही. शिवगंगाने पुढे काही सांगितलं नाही. बापाने शंभर माणसांना सांगितलेली गोष्ट तिने मोडायची कशी? आंघोळ नाही, म्हणून पूजा नाही. पूजा नाही, म्हणून पाणी नाही. मनातल्या मनात तिचं एवढं सोपं गणित झालं असणार.

सामन्याआधी बाईंनी प्रत्येकीला एकेक पेला द्यायला सुरुवात केली. पहिला मान शिवगंगाचा. ती म्हणाली, "आधी धाकट्यांना द्या, बाई. मी मागून पिते." बाईंना कौतुक वाटलं. त्यांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. मग शिट्टी झाली आणि तिचं मागून पिणं राहून गेलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. ते बघणं मी ओळखलं, मित्रांनो. कडुलिंबाच्या फांदीला मी टांगलेली होते, पाण्याने भरलेली, आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. इतकं एकटं मला आजही या खिळ्यावर वाटत नाही.

अंतिम सामना उदगीरच्या मुलींशी होता. त्यांच्यात रुद्राणी नावाची एक उंच, सावळी मुलगी होती. ती पळताना खांबाला हात घालून अशी वळायची की बघणाऱ्याचीच मान लचकावी. शेवटच्या डावात उदगीरच्या मुली पाठलाग करत होत्या. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले होते. आमच्याकडून पळायला शिवगंगा उरली होती आणि वेळ उरला होता अर्धं मिनिट. ती टिकली असती तर जादा डाव मिळाला असता. ती खांबाजवळ आली, डावीकडे झुकली, आणि रुद्राणीचा हात तिच्या पाठीवर पडला.

तिकडे हलगी सुरू झाली. रुद्राणी धापा टाकत शिवगंगाजवळ आली आणि म्हणाली, "लई पळवलीस गं मला." शिवगंगा हसली. खरंच हसली. आमच्याकडच्या कुणीही ते पाहिलं नाही, कारण आमच्याकडचे सगळे खाली बघत होते.

नंतर बाईंनी पाणी वाटलं, त्यांच्या नियमानेच. शेवटचा नंबर जिच्यामुळे सामना गेला तिचा. अकराव्या मुलीचा पेला झाला आणि बाईंनी बूच लावलं. शेवटचा पेला द्यायचाच त्या विसरल्या. की विसरल्या नव्हत्या, कोण जाणे. शिवगंगाने मागितला नाही.

दुपारच्या बसने आम्ही परतलो.  स्टँडवर उतरलो तर एक कुत्रं तेवढं उठून उभं राहिलं. मलप्पा दुकानात होता. त्याने बस पाहिली आणि मान खाली घालून शेंगदाणे जोखायला लागला. लिंबाजी भजी तळता तळता म्हणाला, "काय शेठ, औंदा ढाल बसमंदी राहिली का काय?" दोन-तीन गिऱ्हाईकं हसली. शिवगंगा दुकानाच्या पायरीपाशी पोचली तेव्हा मलप्पा तिच्याकडे न बघता म्हणाला, "मागल्या दारानं जा घरात."

सिंधुबाई मला खांद्याला लावून शाळेत आल्या. सरजाबाई वाट पाहत थांबली होती, त्या दिवसांत माझ्यातला उरलेला थेंबही रांजणात जायचा. तिने माझं तोंड उघडलं आणि पेला खाली धरला. एक पेला भरला. तिने तो रांजणात ओतला आणि पुन्हा धरला. दुसराही जवळजवळ भरला.

"बाई, दोन पेले उरल्यात."

"उरले असतील. हरल्यावर पाणी कुणाला सुचतं, सरजाबाई?"

"आवं, हरल्यावरच लई तहान लागती. जिंकणाऱ्याला काय, लोक बोलून बोलूनच गार करत्यात."

"जाऊ द्या. आज माझं डोकं चालत नाही."

"एका पोरीचं पाणी हाय हे," सरजाबाई म्हणाली. "सकाळचा एक, दुपारचा एक. दुष्काळात कोण पोरगी दोन पेले सोडती?"

बाई घरी निघून गेल्या. पण सरजाबाई ती गोष्ट सोडणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने पाणी वाढताना एकेका मुलीला विचारलं, "तू किती पिलीस गं लातूरला?" दोन. दोन. दोन. अकरा मुलींनी दोन सांगितले. बारावी शाळेत आलीच नव्हती. तिसऱ्या दिवशीही आली नाही. तेव्हा सरजाबाई वर्गाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मलप्पाच्या पोरीनं त्या दिवशी पाणी पिलं न्हाई."

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. "आधी धाकट्यांना द्या" हे त्यांना आठवलं असावं, आणि त्यापाठोपाठ आपण बूच लावलं तेही. शाळा सुटल्यावर त्यांनी मला खांद्याला अडकवलं आणि मलप्पाच्या घरी गेल्या. मला कशाला नेलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी रिकामीच होते.

मलप्पा ओट्यावर बसला होता. "या बाई. पण खेळाचं बोलाय आला असाल तर ते आता बंद. पोरगी सोमवारपासून शाळेत येईल. खेळ न्हाई. लई झाली शोभा."

आत शिवगंगा सुपात डाळ निवडत होती. तिची आई महानंदा चुलीपाशी होती. बाई दारातच खाली बसल्या, शिवगंगाच्या समोर.

"शिवगंगा, त्या दिवशी तू पाणी प्यायली नाहीस?"

ती खडे वेचत राहिली.

"दिवसभरात एक घोट पण नाही?"

"पूजा झाली नव्हती," ती सुपाकडे बघत म्हणाली. "आंघोळीला पाणी नव्हतं."

 मग महानंदा चुलीपासून उठली. "अगं येडे, पाणी नसलं तर भस्म लावून पूजा होती. देवानं काय तांब्या मागितला का तुला? तुझे अप्पाच पंधरा दिस झाले तसं करून राहिलेत. घागरभर पाण्यात तिघांचं कसं भागंल, म्हणून तुला अन् मला आंघोळीला ठिवतेत अन् आपण भस्म लावतेत."

शिवगंगाने पहिल्यांदा मान वर केली. "अप्पा, तुमी?"

मलप्पा जमिनीकडे बघत होता. "हाव."

"मग मला कामून सांगितलं न्हाई?"

आता काय सांगणार तो? सगळ्या गावाला त्याने आंघोळीचं आणि नेमाचं इतकं ऐकवलं होतं की स्वतः कपाळाला भस्म फासून पूजा करतो, हे त्याला लेकीपासूनही लपवावंसं वाटलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण माणसाला कशाची लाज वाटेल, सांगता येत नाही. तो एकदम उठला आणि चपला शोधायला लागला.

"म्हंजे माझी लेक तहानेनं हरली," तो म्हणाला. "पाणी पिली असती तर कुणाच्या बापाला सापडली नसती. आत्ता जातो अन् लिंबाजीला सांगतो. समद्यांना सांगतो."

"खरं आहे," बाईही म्हणाल्या. "मी पण सांगते. मुख्याध्यापकांना सांगते."

दोघांचे चेहरे उजळले होते. दोघांनाही तीन दिवसांनी एक कारण सापडलं होतं.

"नगं, अप्पा," शिवगंगा म्हणाली.

"कामून नगं?"

"पाणी पिले असते तरी तिनं मला धरलंच असतं. मी डावीकडं झुकणार हे तिला माझ्याआधी कळलं. ती माझ्यापेक्षा चांगली खेळती."

"असं कुणी सांगितलं तुला?"

"मी होते की तिथं."

मलप्पाने बाईंकडे पाहिलं. 

"मागल्या साली मी जिंकले, तर तुमी म्हणले पूजेनं जिंकली," शिवगंगा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भांडणाचा नव्हता. "आता म्हणता तहानेनं हरली. मग मी कवा खेळले?"

मलप्पा उंबऱ्यावर बसला. एका पायात चप्पल होती, एक पाय उघडाच.  मग त्याने विचारलं, "अन् पुन्हा खेळलीस, पुन्हा तिनं धरली, तर?"

"धरली तर धरली. पळाय तर मिळंल."

महानंदा चुलीकडे वळली. शिवगंगा पुन्हा डाळ निवडायला लागली, पण तिची बोटं खडे सोडून डाळच बाजूला काढत होती. मलप्पाने पायातली एक चप्पल काढून ठेवली.

"सोमवारी पाठवतो, बाई," तो म्हणाला. "खेळाय बी."

त्या सोमवारी सरावानंतर मुली नेहमीसारख्या कोण पहिली, कोण शेवटची अशा उभ्या राहायला लागल्या. बाई म्हणाल्या, "बसा खाली. जिथं बसलात तिथून पाणी सुरू." मुलींना आधी कळलंच नाही. एक जण म्हणाली, "पण बाई, आज मी सगळ्यांत आधी बाद झाले." बाई म्हणाल्या, "तहान लागली ना? मग पी." तो नियम पुन्हा कधी आला नाही. त्या संध्याकाळी कुणीही पाणी अंगावर सांडलं नाही.

पुढच्या वर्षी, शिवगंगा दहावीत असताना, आमच्या मुली पुन्हा हरल्या. अंतिम सामन्यापर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत. चांगल्या सात गुणांनी हरल्या. या वेळी पाणी होतं, आंघोळी झाल्या होत्या, पूजा झाली होती. कारण म्हणून हाताला काही लागलं नाही. समोरच्या मुली बऱ्या खेळल्या, एवढंच.

बस वाटेत पंक्चर झाली आणि स्टँडवर यायला दिवेलागण झाली. मी सिंधुबाईंच्या खांद्याला होते. मला खिडकीतून आधी मलप्पा दिसला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं आणि हा स्टँडच्या खांबाला टेकून उभा. हातात हार नव्हता, काहीच नव्हतं. हातांचं काय करावं, तेही त्याला सुचत नव्हतं. कधी ते मागे बांधायचा, कधी पुढे.

शिवगंगा उतरली.

"बस लई उशिरा आली," तो म्हणाला.

"टायर फुटलं."

"हां." त्याने हात पुन्हा मागे बांधले. "भूक लागली का?"

"लई."

त्याने तिची पिशवी घेतली. मग मागून उतरणाऱ्या अकरा मुलींकडे पाहिलं, एकेकीकडे, आणि म्हणाला, "चला गं समद्याजणी." आणि सगळ्यांना लिंबाजीच्या हॉटेलात घेऊन गेला. लिंबाजीने झारा कढईतच ठेवला. त्याची जीभ शिवशिवत असणार.

"काय शेठ, जिंकल्या का पोरी?"

"न्हाई," मलप्पा म्हणाला. "भुकेल्या हायत."

 लिंबाजीने जास्तीचं पीठ कालवलं.

मित्रांनो, त्यानंतर मी बरीच वर्षं खेळाबरोबर फिरले. मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. प्रत्येक मुलीची आपली आपली बाटली, रंगीत, नावाची चिठ्ठी लावलेली. कुणी पहिलं नाही, कुणी शेवटचं नाही, हे चांगलंच झालं. पण आता कुणी पाणी प्यायलं नाही तर ते कुणाला कळतही नाही. सरजाबाई गेली. सिंधुबाईंची बदली झाली. शिवगंगाचं लग्न झालं आणि ती निलंग्याकडे गेली. मला शेवटचं पाणी लागून किती वर्षं झाली, ते मी मोजत नाही. माझा कापडी जीव पार वाळला आहे. या खोलीत कपाटावर ती पहिली ढालही आहे. तिच्यावर इतकी धूळ आहे की आम्ही दोघी आता सारख्याच दिसतो.

दर वर्षी डिसेंबरमध्ये मैदानावरून आवाज येतात. जिंकल्याचा आवाज मला भिंतीतूनही कळतो. हरल्याचा आवाज नसतो. पण हलगी वाजत असते तेव्हा मैदानाच्या कुठल्या तरी कडेला एक जण खाली बघत बसलेलं असतं, हे मला इथूनही ठाऊक असतं. मी आता जाऊ शकत नाही. तुम्ही जाऊ शकता. तुमच्या गड्यांपैकी कुणी हरून आला तर त्याच्यासाठी कारण शोधत बसू नका, त्याला त्याचं हरणं त्याचंच राहू द्या. तो जिंकून आला तर त्याचं जिंकणंही दुसऱ्या कुणाच्या नावावर लावू नका. आणि तुमचे आईवडील, मास्तर, बाई असं काही करायला लागले, तर शिवगंगासारखं त्यांना सांगा. मोठी माणसं ऐकतात. थोडा वेळ एका पायात चप्पल घालून बसतात, पण ऐकतात. बाकी काही बोलणं सुचलं नाही तरी चालेल. शेजारी जाऊन बसा आणि भूक लागली का, एवढं विचारा.